टाकी कोणाची

वास आधी पोरींना आला. मला त्या आठवड्यात सर्दी होती. सकाळी मेसच्या दारात धनज गावची एक पहिल्या वर्षाची मुलगी हातात ब्रश धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, नळाच्या पान्याले वास येऊन राह्यला. चूळ भरली त मळमळलं मले."

मी ओंजळीत पाणी धरून हुंगलं. मला काही कळलं नाही. पण तिच्यामागे आणखी चारपाच जणी नाक धरून उभ्या होत्या, म्हणून स्वयंपाकाच्या बाईंना सांगितलं, प्यायचं पाणी आजपासून उकळून ठेवा. मेसमध्ये फिल्टरची एक मशीन होती, ती केव्हाची बंद होती. दुरुस्तीच्या अर्जावर सही कोणी करायची हे ठरत नव्हतं.

त्या वेळी मी चर्चनं चालवलेल्या एका विद्यापीठात इतिहास शिकवत होते आणि मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. वाशिम जिल्ह्यात मालेगावहून रिसोडकडे जाताना रस्त्याच्या एका बाजूला सोयाबीनची वावरं संपतात आणि एक लांबच लांब दगडी भिंत लागते, तिच्या आत आमचं आवार होतं. माझं माहेर रिसोडचं. वडिलांचं बाजारात भांड्यांचं दुकान. मला तिथे नोकरी लागली तेव्हा मोहल्ल्यात कुजबूज झाली, मुसलमानाची लेक ख्रिस्ती लोकांच्या संस्थेत कशाला म्हणून. वडील म्हणाले होते, तिथं शिकवायचंच काम आहे ना, मग शिकव. आणि खरं सांगायचं तर पहिली काही वर्षं मला तिथे परकं असं वाटलंच नाही. सकाळी चॅपेलमधून गाणी ऐकू यायची. ईदला कुणीतरी हमखास शेवयांची चौकशी करायचं.

संस्थेचा जुना इतिहास मला सिस्टरांनी सांगितला. सिस्टर म्हणजे मिशनच्या दवाखान्यातल्या निवृत्त नर्स, आवारातल्याच एका छोट्या क्वार्टरमध्ये राहायच्या. त्यांची आजी मोठ्या दुष्काळात इथे आलेल्या अनाथ मुलींपैकी एक. एका परदेशी बाईनं चिंचेच्या झाडाखाली त्या मुलींची शाळा सुरू केली, विहीर खणली, आणि जो येईल त्याला पाणी दिलं. सुरुवातीला गावचे लोक त्या विहिरीकडे फिरकायचे नाहीत. मग तहानेनं आले, आणि नंतर येतच राहिले. शाळेचं पुढे कॉलेज झालं, कॉलेजचं विद्यापीठ झालं. शतकमहोत्सव जवळ आला होता, आणि स्मरणिकेसाठी हा सगळा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे दिलं होतं. संध्याकाळी मी सिस्टरांच्या ओट्यावर बसून त्यांचं ऐकायची.

"आमच्या आजीले वाचता येत नव्हतं आधी," त्या सांगायच्या. "पन पानी कोनाले नाई म्हनू नये, हे तिले पाठ होतं."

विद्यापीठ झालं तेव्हापासून आवारात दोन पक्ष पडले होते. जमीन आणि जुन्या इमारती चर्चच्या ट्रस्टच्या. विद्यापीठ चालवायची ती वेगळी सोसायटी, तीही चर्चचीच. दोन्हीकडची माणसं रविवारी प्रार्थनेला एकाच मंडळीत, एकाच बाकावर बसायची, आणि सोमवारी कोर्टात एकमेकांसमोर उभी राहायची. कोर्टानं मालमत्ता 'जैसे थे' ठेवा असं सांगितलं होतं. हे दोन शब्द आमच्याकडे इतके चालायचे की वसतिगृहातल्या पोरी न विंचरलेल्या केसांनाही जैसे थे म्हणायच्या.

दोनतीन दिवसांनी सर्दी उतरली आणि मग मलाही वास आला. उकळलेल्या पाण्यातही यायचा. गोडसर, जड वास, घशाशी येऊन थांबणारा. मी कुलसचिवांकडे गेले.

कुलसचिव बाहेरून आलेले, स्वच्छ कपड्यातले, अतिशय मृदू बोलणारे गृहस्थ होते. कुठलंही बोलणं ते डोळे मिटून छोट्या प्रार्थनेनं सुरू करायचे. त्या दिवशीही केली. मग शिपायानं झाकण घातलेला ग्लास माझ्यासमोर ठेवला.

"पाणी घ्या, मॅडम. उन्हातून आलात."

मी प्यायले. मग सांगितलं, वसतिगृहाच्या टाकीत काहीतरी पडलं असावं, कुणाला तरी वर चढवून बघायला हवं.

त्यांनी मान हलवली. "टाकी ट्रस्टची आहे. जुनं बांधकाम. आम्ही हात लावला की उद्या ते कोर्टात म्हणतील, जैसे थे मोडलं. तुम्ही एक अर्ज करा, मी तो ट्रस्टकडे पाठवतो."

मी म्हटलं, अर्जाला वेळ लागेल, पोरी ते पाणी वापरतायत.

"मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन," ते म्हणाले, आणि मला वाटतं त्यांनी खरोखरच केली असेल.

तिथून मी ट्रस्टच्या चिटणिसांच्या बंगल्यावर गेले. हे जवळपासच्याच गावातले, मंडळीतले वडील म्हणून मान असलेले. व्हरांड्यात झोपाळ्यावर बसून ते माझं ऐकत होते.

"टाकी आमची, मान्य हाये," ते म्हणाले. "पन पंप सोसायटीचा, पंप चालवनारा थ्याईचा, पानी थ्याईचं. आता घान टाकीत हाये का पान्यात हाये, हे कोन ठरवनार?"

मला वाटलं गंमत करतायत. ते हसतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहत राहिले. ते हसले नाहीत. त्यांना तो मुद्दा खरोखरच बिनतोड वाटत होता.

परत येताना मी सिस्टरांच्या ओट्यावर टेकले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "या लोकाईनं देवाचेई दोन भाग करून घेतले व माय. येक ट्रस्टचा अन् येक सोसायटीचा."

त्यानंतर पोरी आजारी पडायला लागल्या. आधी उलट्या, मग जुलाब. धनजच्या मुलीचे डोळे पिवळे झाले. मी तिला रिक्षात घालून गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पापण्या उघडून पाहिल्या आणि मला विचारलं, "पाणी कुठलं पिते ही?" मी विद्यापीठाचं नाव सांगितलं. "तुमच्याकडच्या आणखी दोघी सकाळीच येऊन गेल्या," ते म्हणाले.

दुपारी तिचे वडील मोटरसायकलवर आले. थोडी कोरडवाहू शेती असलेला माणूस, उन्हानं रापलेला, डोक्याला रुमाल बांधलेला. मुलीला मागे बसवून, ती पडू नये म्हणून त्यांनी तिच्या ओढणीनं तिला स्वतःच्या कमरेशी बांधलं. माझ्यावर ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, तुमच्या भरोशावर ठेवली होती."

मोटरसायकल फाटकातून बाहेर गेली आणि मी सरळ टाकीकडे चालत निघाले.

टाकी वसतिगृहाच्या मागे, चार खांबांवर, चिंचेच्या झाडांना लागून. बाजूनं गंजलेली लोखंडी शिडी. मी ओढणी कमरेला गुंडाळली. सिस्टर त्यांच्या दारातून बघत होत्या, त्या पायात चपलाही न घालता धावत आल्या.

"तुमी कायले चढता? पडसान ना!"

"मग कोण चढणार, सिस्टर?"

त्यांनी एकदा ऑफिसच्या दिशेला पाहिलं. मग शिडीला दोन्ही हात लावले. "जा मंग. मी धरतो शिडी."

वर पोचले तर झाकण नव्हतंच. आधीच्या एखाद्या वावटळीत पत्रा उडून गेला असणार, तो खाली गवतात पडलेला नंतर दिसला. टाकीच्या तोंडावर माश्यांचा थर होता. माझा हात लागला तशा त्या एकदम उठल्या आणि तो वास माझ्या तोंडात, नाकात, डोळ्यांत शिरला. मी नाक दाबून आत वाकले.

वानर होतं. उन्हाळ्याच्या तोंडाला त्यांची टोळी पाण्यासाठी चिंचेवर उतरायची, त्यातलं एक. पाणी पिण्यासाठी आत उतरलं असेल आणि गुळगुळीत भिंतीवरून वर येता आलं नसेल. भिंतीवरच्या शेवाळात बोटांचे लांब ओरखडे होते. फुगून दुप्पट झालं होतं. केस सुटून पाण्यावर पसरले होते, आणि ते करडे केस पाइपच्या तोंडाशी जाऊन गोळा झाले होते.

हेच पाणी मी तोंडात घेतलं होतं. रोज वुजू करताना तीनदा चूळ भरून, नाकात ओढून, तोंडावरून फिरवून मी नमाजला उभी राहिले होते. शिडीवर उभ्या उभ्याच मी ओकले. खाली सिस्टर ओरडत होत्या, काय दिसलं, काय दिसलं. मी खाली उतरून सांगितलं तेव्हा त्या शिडीच्या खालच्या पायरीवर बसल्या.

"मांगच्या रविवारी माह्या नातवाचा बाप्तिस्मा झाला," त्या म्हणाल्या. "चॅपेलचा नळ याच टाकीचा हाये."

 मग मी खालचा मोठा व्हॉल्व्ह बंद केला आणि कुलसचिवांना फोन लावला.

ते आले, लांबच थांबले, नाकाला रुमाल लावला. थोड्या वेळानं ट्रस्टचे चिटणीसही आले, त्यांना कोणी कळवलं माहीत नाही. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी ही दोन माणसं त्या दिवशी एकाच चिंचेखाली शेजारी शेजारी उभी होती. मला वाटलं, आता तरी पोरींची चौकशी करतील.

कुलसचिवांचा पहिला प्रश्न होता, "आणखी कोणी पाहिलं?"

"अजून नाही."

"हे नाजूक आहे, मॅडम. गावात कळलं की मिशनच्या टाकीत वानर मेलं, तर लोक काय म्हणतील? सध्याचे दिवस कसे आहेत, तुम्हाला मी सांगायला नको. कसं मेलं, कोणी मारलं, सगळं विचारतील."

"तहानेपायी बुडून मेलं. तिथं झाकण नव्हतं."

चिटणिसांनी घसा साफ केला. "टाकीवर पयले कोन चढलं, हेई इचारतीन लोकं. तुमचं नाव निंघन त्याच्यात. अन् तुमचं नाव निंघनं म्हंजे..." पुढचं त्यांनी हातानं हवेत सोडून दिलं.

कुलसचिवांनी ते वाक्य आपल्या मृदू आवाजात पुरं केलं. "तुम्ही समजदार आहात. आम्हाला तुमचीच काळजी आहे."

मला त्या वासापेक्षा या काळजीची जास्त शिसारी आली. मेलेल्या जनावराला वास येणारच, त्यात त्याचा काय दोष. पण ही दोन धडधाकट, शिकलेली, देवाचं नाव घेणारी माणसं माझ्या धर्माची माझ्यासमोर भीती घालत होती. आणि तीही किती पटकन, जणू खिशात तयारच होती.

त्यांनी माणूस लावून ते वानर बाहेर काढवलं, खताच्या रिकाम्या पोत्यात घातलं आणि भिंतीपलीकडच्या नाल्यात टाकायला लावलं. टाकीत वरून ब्लीचिंग पावडर ओता आणि पाणी सुरू करा, असा हुकूम देऊन दोघं गेले. टाकी रिकामी करायची नाही, घासायची नाही, कारण जैसे थे. मी व्हॉल्व्ह उघडू दिला नाही. बाया मेसमध्ये जुन्या विहिरीचं पाणी बादलीनं ओढून आणायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी कुत्र्यांनी पोतं ओढून फाडलं. भिंतीला लागून ज्यांचं वावर होतं ते काका सकाळी पाणी द्यायला आले होते, त्यांनी पाहिलं. थोड्या वेळानं ते गावची काही माणसं घेऊन वसतिगृहाच्या फाटकाशी आले. चौकीदार ऑफिसकडे पळाला. ऑफिसनं आतून लोखंडी सरकतं दार ओढून घेतलं, त्याचा आवाज आम्हाला इथपर्यंत ऐकू आला. पोरी खिडक्यांतून बघत होत्या. कोणीतरी जायला हवं होतं, म्हणून मी गेले. 

काका वयानं मोठे, धोतर आणि बंडी, कपाळाला बुक्का. त्यांनी मला एकच विचारलं, "बाई, थे वान्नेर नाल्यात कोनं फेकलं?"

"आमच्या ऑफिसनं," मी म्हटलं. "आमच्या टाकीत पडून मेलं. टाकीला झाकण नव्हतं. बरेच दिवस आत होतं."

मागच्या माणसांत हालचाल झाली. काकांनी हात वर केला.

"तुमी मुसलमान ना?"

"हो."

"मंग तुमाले कोनी सांगतलं असन, बोलू नका म्हून."

"सांगितलं."

"मंग काहून सांगतलं मले?"

"तुम्ही विचारलंत."

काकांनी वर केलेला हात खाली घेतला. मग म्हणाले, "तहान लागली थ्या जनावराले, म्हून गेलं थे. थ्याचं आमी करून घेऊ, थे आमचं काम. पन मले हे सांगा, लेकरं थे पानी पेले का?"

"प्यायल्या. बऱ्याच जणी आजारी आहेत."

त्यांचा चेहरा तेव्हा बदलला. वानराबद्दल बोलताना तो शांत होता. आता त्यांनी ओढून घेतलेल्या दाराकडे बघून जमिनीवर थुंकलं. "अन् हे लोक अंदर दडून बसले."

गावानं त्या वानराला पांढऱ्या कापडात गुंडाळलं, टाळ वाजवत वावराच्या बांधावर नेलं आणि पुरलं. नारळ फोडला. भजन म्हटलं. दंगा नाही, घोषणा नाही, कोणी भिंतीकडे दगडही भिरकावला नाही. सिस्टर आणि मी भिंतीच्या अलीकडे उभ्या राहून ऐकत होतो. सिस्टरांनी डोळे मिटले होते.

त्याच संध्याकाळी काकांनी आपल्या विहिरीवरून काळा पाइप ओढून भिंतीवरून आमच्याकडे टाकला. दुसऱ्या दिवशी गावचे पोट्टे आणि वसतिगृहातल्या ज्या धडधाकट होत्या त्या पोरी, सगळ्यांनी मिळून टाकी रिकामी केली, आत उतरून वाळू आणि काथ्यानं घासली, पुन्हा पुन्हा धुतली. ऑफिसमधून एकही माणूस आला नाही. शतकमहोत्सवाची मीटिंग चालू होती.

टाकी भरायच्या आधी काका खालचे जोड तपासत होते. एका ठिकाणी ते वाकले आणि मला बोलावलं.

"हा पाइप पाहा, नवा कोरा हाये. माह्या पुतन्यानं टाकला."

"कधी?"

"शिमग्याच्या अगुदर. ऑफिसची लाइन टाकीवरून तोडाले लावली अन् बोअरले जोडाले लावली. कुलसचिवसाहेबाच्या बंगल्याचीई. पुतन्या इचारे, मंग होस्टेलची? त म्हने थे ऱ्हाऊ दे."

वसतिगृहातली ती धनजची पोरगी पहिल्यांदा ब्रश घेऊन माझ्यासमोर उभी राहिली ती शिमगा होऊन गेल्यावर. म्हणजे वास आधी यांना आला होता. यांनी तो ओळखला, आपल्यापुरता पाइप बदलला आणि गप्प बसले. पाइप बदलताना कुठलंच जैसे थे आड आलं नव्हतं. मला तो झाकणाचा ग्लास आठवला, त्यातलं गार, स्वच्छ पाणी, आणि ते किती आपुलकीनं माझ्यापुढे सरकवलं होतं तेही. मी तिथेच पाइपवर बसले. मला राग आला असता तर उठून ऑफिसात गेले असते. राग आलाच नाही. अंगावरून काहीतरी बुळबुळीत फिरून गेल्यासारखं वाटलं, आणि ते कितीतरी दिवस गेलं नाही.

त्या रविवारी मी रिसोडला घरी गेले. आंघोळ केली, पुन्हा केली. अम्मी न्हाणीच्या दाराबाहेरून म्हणाली, "और कितना नहाएगी?" मग मी सगळं सांगितलं, वुजूचंही. तिनं माझ्या हातात कोरडा टॉवेल दिला.

"तेरेसे अनजाने में हुआ," ती म्हणाली. "अल्लाह माफ करनेवाला है. मगर जिनको मालूम था, वो क्या मुँह लेके खड़े होते होंगे?"

 ते रोज उभे राहत होते, आणि चांगल्या स्वच्छ तोंडानं.

सोमवारी परतले तर माझ्यावर चौकशी समिती बसली होती. वादग्रस्त मालमत्तेवर परवानगीशिवाय चढणे, बाहेरच्या लोकांना आवारात घेणे, संस्थेची बदनामी. समितीत दोन्ही पक्षांचे लोक होते. कोर्टात कधी एका कागदावर सही न केलेली ही मंडळी या एका कागदावर मात्र एकत्र आली होती. अध्यक्ष म्हणून मंडळीचे वयस्कर पाळक, चॅपेलचे धर्मगुरू, होते. त्यांच्याबद्दल मला आदर होता. माझ्या वडिलांच्या मयतीला ते रिसोडला आले होते.

कुलसचिवांनी प्रार्थनेनं सुरुवात केली. मग विचारलं, "तुम्ही शिडीवर कोणत्या अधिकारानं चढलात?"

"रेक्टर म्हणून."

"रेक्टरच्या कर्तव्यांत टाकीचा उल्लेख नाही."

दाराशी सिस्टर उभ्या होत्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. त्या आत आल्या. "शिडी मी धरली होती. माहंई नाव लिहा."

"सिस्टर, तुम्ही निवृत्त आहात. हा तुमचा विषय नाही."

"माह्या नातवाच्या डोक्यावर थेच पानी घातलं तुमी. मंग माहा इषय कसा नाई?"

चिटणीस खाली बघून पेनाचं टोपण काढत-घालत होते. मी म्हटलं, मला एकच विचारायचं आहे. "तुमच्या ऑफिसचं पाणी शिमग्याच्या आधीपासून बोअरचं का आहे?"

  पाळकांनी चष्मा काढला आणि कुलसचिवांकडे वळले. "हे खरं आहे का?"

"तो मुद्दा आजच्या विषयपत्रिकेवर नाही, पाळकसाहेब," कुलसचिव म्हणाले.

मी पाळकांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस उठेल. निदान विचारेल तरी पुन्हा. त्यांनी चष्मा पुसला, परत घातला, आणि त्यांच्यासमोर सरकवलेल्या कागदावर सही केली. मग तो कागद उलटा करून पुढे सारला. त्या खोलीत मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते त्यांचं, कारण त्यांना कळत होतं.

मला रेक्टरपदावरून 'विनंतीवरून' मोकळं केलं गेलं. मी तशी विनंती केली नव्हती. मी रिसोडहून ये-जा करायला लागले. धनजच्या मुलीला बरं व्हायला बराच काळ लागला. मी एकदा तिच्या घरी जाऊन आले. अंगणात खाटेवर बसली होती, गालांची हाडं वर आलेली. परत येणार नाही म्हणाली, कारंज्याच्या कॉलेजात नाव घालणार होती. तिच्या वडिलांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना म्हणाले, "मॅडम, तवा राग आला होता मले तुमचा. आता नाई." 

शतकमहोत्सव झाला. त्याच्या आधी टाकीला रंग लागला. निळ्या पट्ट्यावर एका बाजूला ट्रस्टचं नाव रंगवलं होतं. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या माणसांनी उरलेल्या बाजूला आपलं नाव रंगवलं. कोणाच्या हिश्शाला किती भिंत, यावरून दोन रंगारी शिडीवर भांडत होते. कुजत होती तेव्हा ती कोणाचीच नव्हती. स्मरणिकेत माझा लेख आला, त्यातून सिस्टरांच्या आजीचा परिच्छेद गाळला होता, आणि त्या जागी दोन्ही पदाधिकाऱ्यांचे फोटो होते.

मंडपात मोठे पाहुणे बोलायला उभे राहिले. ते बाहेरून आलेले, त्यांना काही माहीत नसणार. विहिरीवर आलेल्या बाईला प्रभूनं जिवंत पाणी देऊ केलं, त्यावर त्यांनी सुंदर बोलायला सुरुवात केली. व्यासपीठावर प्रत्येकासमोर सीलबंद बाटली होती. कुलसचिव मान डोलवत होते, चिटणीसही.  शेजारच्या खुर्चीवरून सिस्टर उठल्या, सगळ्या रांगेला गुडघे बाजूला घ्यायला लावत मधूनच बाहेर निघाल्या. पंचाहत्तरीच्या पुढची बाई, भर उन्हात. मीही उठले. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "बायबलातली थे गोष्ट मले लय आवडे. आता थ्याईच्या तोंडून नाई आयकू शकत मी." त्या रविवारपासून त्या एसटीनं मालेगावला जाऊन तिथल्या एका घरात भरणाऱ्या लहानशा मंडळीत बसायला लागल्या. चॅपेलचं दार त्यांच्या क्वार्टरसमोरच होतं.

वर्ष संपताना मी राजीनामा दिला. ऑफिसमधल्या बाबूनं छापील नमुना दिला, त्यात कारणासाठी एक ओळ होती. त्यानं हळूच सुचवलं, "मॅडम, सगळे 'वैयक्तिक' लिहितेत." मी 'किळस' असं लिहिलं. त्यानं वाचलं, आजूबाजूला पाहिलं.

"असा शब्द चालन का, मॅडम?"

"माझं कारण तेच आहे," मी म्हटलं.

त्यानं कागद ठेवून घेतला. नंतर आलेल्या पत्रात वैयक्तिक कारणास्तव असंच छापून आलं. आता मी वाशिमला एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. सिस्टरांचा अधूनमधून फोन येतो. दावा अजून चालू आहे, टाकीला आता झाकण आहे, आणि त्या झाकणाला दोन कुलुपं आहेत, एक ट्रस्टचं, एक सोसायटीचं.

"मंग साफ कशी करतेत?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"कोन करते व," त्या म्हणाल्या.

त्यांच्या क्वार्टरमध्ये त्या अजूनही काकांच्या विहिरीचं पाणी भरतात. रोज सकाळी भिंतीवरून कोणीतरी त्यांची बादली भरून देतं.